तपासनीस आणि ओली पेंढी

परवा सकाळी मागचं दार उघडलं आणि वास आला. इंद्रायणी भाताच्या शिवाराला कापणीच्या आधी आठ-दहा दिवस एक वास सुटतो. भात शिजतानाचा नव्हे. त्याच्या अलीकडचा, कच्चा, गवताळ, जरासा दुधाळ. या वडिवळे गावात सून म्हणून आले तेव्हा मला तो ओळखूही यायचा नाही. आता येतो, आणि आला की मला काहीतरी होतं. भीती म्हणावी तर भीती नाही. ज्या शाळेत आपण कधीकाळी घाबरत घाबरत पेपर दिला आणि पास झालो, तिच्यावरून एसटी जाताना होतं ना, तसं.

कारण मीही एका कापणीत पेपर दिलाय. एक नव्हे, दोन. एक लॅपटॉपवर आणि एक शेतात. दोन्हींत एकच चूक केली, आणि ती इतकी बावळट होती की सांगताना आजही आधी मीच हसते.

मी मूळची लोणावळ्याची. वडील रेल्वेत होते. लग्नाआधी आणि नंतरची काही वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली. मग मुलगी झाली, सासूबाईंचे गुडघे गेले आणि नोकरी सुटली. आपल्याकडे बाईची नोकरी नेहमी ‘सुटते’. जणू काय म्हशीचं दावं सुटलं. तर ती सुटली ती नऊ वर्षं. या नऊ वर्षांत मी तांदूळ निवडले, भाकऱ्या थापल्या, मुलीचे पाढे घेतले, आणि दुपारी सगळे झोपले की जुन्या लॅपटॉपवर काहीबाही शिकत राहिले. नवरा कारखान्यातून पाळी करून यायचा आणि विचारायचा, “अजून तेच?” मी म्हणायचे, “अजून तेच.”

मग तळेगावात एक अगदी छोटी कंपनी आहे असं कळलं. पाच माणसं. मालक मिलिंद सर. त्यांनी फोनवरच अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाले, “अर्चनाताई, तीन महिने बघू. घरूनच करा. जमलं तर कायम, नाही जमलं तर राग मानायचा नाही.” मी कशाला राग मानतेय? नऊ वर्षांची फट बघून बाकीच्यांनी फोनसुद्धा उचलला नव्हता. हे गेलं तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तीन महिने गणपती बसल्यावर सुरू झाले आणि ऐन कापणीत संपणार होते.

काम काय होतं ते सांगते, घाबरू नका. वेबसाइट म्हणजे वरवर एक दिसते, पण आत दोन गडी असतात. एक सर्व्हर, तो दारात उभा राहतो, बाहेरून कोणी काही मागितलं की ते ऐकून घेतो. दुसरं अॅप्लिकेशन, ते आत बसून उत्तर तयार करतं. हे दोघं बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या देशांत लिहिलेले असतात. एकमेकांना ओळखतही नाहीत. तरी त्यांचं जमतं, कारण दोघांच्या मध्ये एक ठरलेली रीत असते. सर्व्हरनं मागणी कशी बांधून आत द्यायची, अॅप्लिकेशननं उत्तर कसं बांधून बाहेर द्यायचं. आधी काम झालं की नाही त्याचा आकडा, मग उत्तराची माहिती, त्यात उत्तर किती लांबीचं आहे तेही, आणि मग खुद्द उत्तर. एवढं पाळलं की कुठलाही सर्व्हर कुठल्याही अॅप्लिकेशनशी नांदतो.

आणि ही रीत दोघं पाळतात की नाही हे बघायला एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. मी त्याला तपासनीस म्हणते. तो दोघांच्या मध्ये जाऊन बसतो. सर्व्हरला वाटतं हेच अॅप्लिकेशन, अॅप्लिकेशनला वाटतं हाच सर्व्हर. दोन्हीकडून येणारं जाणारं सगळं तो हातात घेऊन बघतो, बरोबर असेल तर गुपचूप पुढे सरकवतो, आणि जरा कुठे रीत मोडली की जागच्या जागी काम थांबवून बोट दाखवतो. लाज नाही, भीड नाही. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला.

आमची साइट होती कुरवंड्याच्या बाजूला घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या अकरा घरांची. नागफणीचा कडा चढायला येणारी माणसं त्यावरून घर शोधायची. अंगण केवढं, जेवणात काय, गाडी दारापर्यंत जाते का, सगळं मराठीत लिहिलेलं. साइट मिलिंद सरांनी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिली होती आणि त्यांचा तिच्यावर भारी जीव. ती जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर न्यायची होती. सर म्हणाले, “नवा सर्व्हर कडक आहे. हलवायच्या आधी तपासनीस मध्ये घाला, प्रत्येक पान त्याच्यातून काढा, तो काय म्हणतो ते दुरुस्त करा.” तीन महिन्यांच्या अखेरीस हे एकच काम माझ्या नावावर जमा होणार होतं.

आमच्याकडे रेंजची गंमत आहे. घरात एका खिडकीशी इंटरनेट बरं चालतं. पण फोनवर नीट बोलायचं तर शेताच्या बांधावर जावं लागतं. त्या खिडकीशी तांदळाचा पत्र्याचा ड्रम आहे. त्यावर लॅपटॉप, समोर मी स्टुलावर. खिडकीतून भाताचं सगळं खाचर दिसायचं. सकाळी धरणाकडून धुकं यायचं ते खाली भातावर बसून राहायचं, आणि उन्हं आली की लोंब्या आधी दिसायच्या, पानं नंतर. मुनिया पाखरांचे थवे लोंब्यांवर उतरायचे आणि सासूबाई ओट्यावर बसल्या बसल्या डबा वाजवायच्या. दूर कामशेतच्या रेल्वे फाटकाकडून गाडीची शिट्टी ऐकू यायची. मी एक पान तपासायचे, एकदा बाहेर बघायचे. नऊ वर्षांत त्या खिडकीशी मी इतकी सुखात कधी बसले नव्हते. खोटं कशाला बोलू.

चाचण्या लिहिणं म्हणजे काय, तर अॅप्लिकेशनला खोटं खोटं काहीतरी मागायचं, त्यात खोटा खोटा मजकूर भरायचा, आणि येणारं उत्तर तपासनिसाला दाखवायचं. मी मजकूर भरला: ‘हॅलो’, ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’. इंग्रजी अक्षरांत. हाताची सवयच तशी. पुण्यात शिकले तेव्हापासून चाचणी म्हटली की बोटं आपोआप हॅलो टाइप करतात. मराठी साइट, मराठी मालक, मराठी मी, आणि चाचणीला मात्र हॅलो! सुरुवातीला तपासनिसानं दोन-चार ठिकाणी बोट दाखवलं, ते मी दुरुस्त केलं. शेवटी सगळ्या ओळी हिरव्यागार. मी सरांना लिहून पाठवलं, ‘सर्व पानं पास.’ सरांचं उत्तर आलं, ‘वा! सोमवारी नव्या सर्व्हरवर जाऊ. तुम्हाला कायम करायच्या पत्राचंही त्याच दिवशी बघू.’ मी ड्रमवर डोकं टेकवून थोडी रडले आणि मग उठून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरातून सावडीला जायचं होतं. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे कापणी एकेकट्यानं होत नाही. घरटी एक माणूस सगळ्यांच्या शेतात पाळीपाळीनं जातं. ज्याचं शेत त्याच्याकडे न्याहारी आणि दुपारची भाकरी, बाकी काही द्यायचं घ्यायचं नाही. आज मी तुझ्यात, उद्या तू माझ्यात. त्या वर्षी नवरा पाळीला अडकलेला, सासूबाईंचे गुडघे तसे, सासरे म्हणजे आबा पाठीनं वाकलेले. त्यांना लोक नुसतं बांधावर बसायला बोलवायचे. म्हणजे घरटी माणूस कोण? मी. सरांकडून एक दिवसाची सुट्टी काढली.

कापायला मला जमायचं. पेंढी बांधायला कधी बसले नव्हते. तर आदल्या संध्याकाळी अंगणात मी सराव केला. गेल्या सालचा पेंढा काढला, मुठी मुठी घेऊन, काडीचाच बंद वळून पेंढ्या बांधल्या. सुरेख झाल्या. आबा ओट्यावरून म्हणाले, “सूनबाई, लय झ्याक! जनमभर ह्येच केल्यागत वाटतंय.” मी काय, फुगले. त्या आठवड्यात माझं सगळंच पास होत होतं.

शेत होतं ओढ्यापलीकडचं. एरवी कापलेलं भात दोन दिवस खाचरात वाळू देतात आणि मग बांधतात. पण त्या दिवशी घाटाकडून आभाळ भरून येत होतं, म्हणून कापलं की लगेच बांधायचं, असं ठरलं. कापणारे पुढे, बांधणारे मागे, आणि बांधणाऱ्यांच्या मागून वरच्या वाडीवरच्या तारामावशी. तारामावशी बांधत नाहीत, कापत नाहीत. वय झालंय. त्या नुसत्या चालतात. वाटेत पडलेली पेंढी मानेशी धरतात, खळ्यावर झोडणारा जशी उगारतो तशी उगारतात, हवेतच एक झटका देतात आणि खाली ठेवतात. ज्यानं बांधली त्याला झोडणारा कोण ते ठाऊक नसतं. झोडणाऱ्यालाही बांधली कुणी ते ठाऊक नसतं. पेंढी खळ्यावर सुटली तर दाणा मातीत जातो, म्हणून मावशी मध्ये.

माझी पहिली पेंढी त्यांनी उचलली, उगारली, आणि झटका दिला. पेंढी फुलासारखी उमलली आणि सगळ्या काड्या माझ्या डोक्यावर. शेतभर हशा. मीही हसले, पण कान गरम झाले.

“काल आंगनात लय झ्याक बांधल्यास म्हनं?” मावशी म्हणाल्या. बातमी ओढ्यापलीकडे पोचलेली होती.

“व्हय मावशी. आबांनी बघितल्या की.”

“कशाच्या बांधल्यास?”

“पेंढ्याच्या. गेल्या सालच्या.”

“आगं माझे बाय!” मावशींनी कपाळाला हात लावला. “त्यात दाना कुटाय? नुसती काडी ती. ती कशीबी वळती, कशीबी ऱ्हाती. ह्याच्यात दाना हाय, दहिवराचं पानी हाय, ह्ये खाली वढतंय. खळ्यावर काय पेंढा झोडायचाय का आपल्याला? ह्येच घे हातात, ह्याच्यावर शीक.”

त्यांनी माझा हात धरून बंद वळायला लावला. दोन वेळा सुटला. तिसऱ्यांदा बसला. अंगभर भाताची कुसळं लागून खाज सुटली होती, बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या, आणि माझं लक्ष मात्र उडालं होतं. त्यात दाना कुटाय. माझ्या चाचण्यांत कुठे होता? हॅलो म्हणजे नुसती काडी. आमच्या साइटवर जे खरोखर जाणार होतं, त्यातलं एक अक्षर मी तपासनिसाच्या हातात दिलं नव्हतं.

भाकरीची सुट्टी झाली तशी मी म्हटलं, “आलेच,” आणि तशीच चिखलाच्या पायांनी घरी. ड्रमवरचा लॅपटॉप उघडला. कुरवंड्याच्या अकरा घरांची खरी यादी, खऱ्या मराठीत, चाचणीत घातली. तपासनिसानं पहिल्याच पानाला थांबवलं. त्याचं म्हणणं एवढंच की उत्तराची लांबी जेवढी सांगितली आहे त्यापेक्षा उत्तर खूप मोठं आहे.

मी डोक्याला हात लावून बसले. इंग्रजी अक्षराला संगणकात एक जागा लागते. आपल्या मराठी अक्षराला तीन, आणि काना-मात्रेला वेगळ्या तीन. कोडमधली ओळ अक्षरं मोजत होती, जागा नव्हे. हॅलोला दोन्ही हिशेब सारखेच येतात, म्हणून सगळं हिरवं. जुना सर्व्हर भोळा होता. सांगितलेली लांबी तो मनावर घ्यायचाच नाही, स्वतः मोजून पाठवायचा. नवा सर्व्हर शब्दाचा पक्का. जेवढी लांबी सांगाल तेवढंच देणार. मी त्याच्यावर पान चालवून बघितलं. अकरापैकी चौथ्या घराच्या अंगणातच पान संपलं. पुढची सात घरं गायब. सोमवारी हे असं सगळ्यांना दिसणार होतं, आणि मी त्यावर ‘सर्व पानं पास’ लिहून दिलं होतं.

आणि ती ओळ? मिलिंद सरांची. त्यांच्या लाडक्या साइटमधली, त्यांनी स्वतः लिहिलेली.

आता मनात काय काय आलं ते लपवत नाही. तपासनिसाला सांगता येतं की अमुक पानं सोडून दे. एक ओळ लिहायची, मराठी पानं वगळायची, सगळं पुन्हा हिरवं. सोमवारी पान तुटलं तर लोक नव्या सर्व्हरला शिव्या देतील. माझं पत्र तोवर हातात असेल. मी ती ओळ लिहिली. अक्षरशः लिहिली. मग खिडकीतून बाहेर बघितलं तर ओढ्यापलीकडे माणसं भाकरी खायला बसलेली, आणि तारामावशी एकट्याच खाचरात फिरत पेंढ्या उचलून झटकत होत्या. माझी मलाच लाज वाटली. मी ओळ पुसली.

फोन करायला बांधावर जावं लागलं, म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या समोर. आबा बांधावरच्या जांभळीखाली बसले होते. माझं तोंड बघून म्हणाले, “काय गं, कुनाचं काय वंगाळ झालं का?”

“माझी चूक झालीय आबा. सरांना सांगायचीय. काम जाईल बहुतेक.”

आबांनी ताटली माझ्याकडे सरकवली. “मंग सांगून टाक की. सांगून ये आन् दोन घास खा. कालवान निवतंय हितं.”

सरांनी दुसऱ्या रिंगला उचललं. मी एका दमात सगळं सांगितलं.

“कोणती ओळ?” त्यांनी विचारलं.

“लांबी मोजायची.”

“ती माझी आहे.”

“हो सर.”

“आणि तुम्ही काल पास म्हणालात.”

“हो सर. मी चाचणीत नुसतं हॅलो घातलं होतं. खरा मजकूर घालायला हवा होता. चूक माझी आहे.”

मग सर म्हणाले, “मी पण हॅलोच घातलं होतं हो. साइट लिहिली तेव्हा.” आणि ते मोठ्यानं हसले. मला मात्र हसू येईना.

“दुरुस्ती केवढी आहे?”

“एका शब्दाची. आज संध्याकाळपर्यंत सगळी पानं खऱ्या मजकुरानं पुन्हा काढते.”

“काढा. आणि ऐका, तुमचं पत्र मी कालच लिहून ठेवलं होतं. ते आता बदलावं लागेल.”

संपलं, मी मनात म्हटलं. बांधावर खाली बसले.

“त्यात एक ओळ वाढवतो,” सर म्हणाले. “यापुढे तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणाचाच कोड सर्व्हरवर जाणार नाही. माझासुद्धा.”

त्या संध्याकाळी यादी अकराव्या घरापर्यंत पोचली, अगदी शेवटच्या पूर्णविरामासकट. पुढे कितीतरी साइट माझ्या हातून गेल्या. नवीन कोणी कामाला आलं की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगते, चाचणीत आपल्या गावाचं, आपल्या आजीचं पूर्ण नाव घाल, काना-मात्रेसकट. सरांचा कोड मी आजवर चारदा परत पाठवलाय. चौथ्या वेळी ते म्हणाले, “अर्चनाताई, जरा दया करा.” मी म्हटलं, “दाणा दिसू दे आधी.” त्यांना काही कळलं नाही.

तारामावशी आता खाचरात उतरत नाहीत. बांधावर बसतात, आणि पेंढ्या त्यांच्यापाशी नेऊन दाखवाव्या लागतात. उद्या सावड आमच्याच शेतात आहे, मागच्या दारी विळे घासून ठेवलेत. पण वास आला की मला तीच दुपार दिसते. फोन ठेवला आणि मी बांधावर बसून भरल्या शेतासमोर हुंदके देऊन रडत होते. आनंद झाला की मला असंच होतं, काय करू? माणसं भाकरीचा घास हातात धरून बघत राहिली. आबा उठू लागले. त्यांच्याआधी तारामावशी आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काम ऱ्हायलं का गेलं त्येवडं सांग.”

“ऱ्हायलं मावशी,” मी डोळे पुसत म्हटलं. “कायमचं ऱ्हायलं.”

“मंग ऊठ की! आभाळ आलंय, अर्धं खाचर बांधायचं ऱ्हायलंय, आन् ही बसलीय रडत.”